फाइल तीच, मग इथे चालते आणि तिथे का नाही?

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण तो आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी येऊन गेलेला आहे. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मोबाइलवर छान दिसतो. लॅपटॉपवर घेतला की नुसता आवाज येतो, चित्र काळं. तोच पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावला तर टीव्ही म्हणतो, ही फाइल चालणार नाही. फाइल तीच आहे, तिच्यातली एक बाइटसुद्धा बदललेली नाही. मग बिघडलं काय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. हे माहीत नसल्यामुळे लोक दोन गोष्टी घाईने करतात. एक तर फाइल खराब झाली असं समजून पुसून टाकतात. नाहीतर मिळेल तो कन्व्हर्टर उतरवून फाइल बदलून घेतात आणि मूळ फाइल काढून टाकतात. यातलं दुसरं नुकसान लगेच दिसत नाही, पण ते भरून निघत नाही. ते का, हे आज समजून घ्यायचं आहे. आधी फाइलच्या आत काय असतं ते पाहू, मग ती अडते कुठे ते पाहू, आणि शेवटी कमीत कमी नुकसान करून ती चालवायची कशी, तिथे येऊ.

आधी थोडं गणित

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रं. आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटचं, म्हणजे ६.२ एमबीचं झालं. सेकंदाला २५ चित्रं म्हटली तर सेकंदाला १५५ एमबी. एका तासाचे ५६० जीबी! आणि यात आवाज अजून धरलेलाच नाही.

आता तुमच्या मोबाइलमध्ये बघा. तासाभराचं चित्रण पाच-सात जीबीत बसलेलं असतं. बाकीचे साडेपाचशे जीबी गेले कुठे?

ते गाळले गेले. उदाहरणार्थ, हे व्याख्यानच घ्या. मागचा पडदा, टेबल, पाण्याचा ग्लास तासभर जागचे हलत नाहीत. मग सेकंदाला पंचवीस वेळा तेच टेबल लिहून काय उपयोग? म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र लिहायचं, आणि मधल्या चित्रांत फक्त 'वक्त्याचा हात इतका वर गेला' एवढा बदल लिहायचा. दुसरी गोष्ट, माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला फरक तितका बारीक कळत नाही. त्यामुळे रंगाची माहिती सहसा चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. तिसरी गोष्ट, डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारीक तपशील सरळ सोडून देतात.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण सोडलेला तपशील परत येत नाही. आवळून बांधलेली गादी सोडली की फुगते, तसं इथे होत नाही.

आवळण्याची आणि उलगडण्याची ही जी पद्धत, तिला कोडेक म्हणतात. सोयीसाठी आपण तिला भाषा म्हणू या. मोबाइलने एका भाषेत लिहिलं आणि टीव्हीला ती वाचता येत नसेल, तर टीव्हीपुढे नुसते आकडे आहेत.

डबा आणि आतला पदार्थ

आता फाइलच्या नावाकडे येऊ. नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. बहुतेकांना वाटतं, हाच व्हिडिओचा प्रकार. तो प्रकार आहे खरा, पण डब्याचा. आत काय भरलंय ते त्यावरून पक्कं कळत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं असतं आणि उघडल्यावर आत रवा निघतो. इथेही तेच.

डब्याला तांत्रिक भाषेत कंटेनर म्हणतात. त्याच्या आत चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा एक किंवा जास्त प्रवाह असतात, कधी उपशीर्षकं म्हणजे सबटायटल्स असतात. शिवाय कुठल्या सेकंदाला काय दाखवायचं याची अनुक्रमणिका असते. ॲपलचा क्विकटाइम १९९१ मधला, मायक्रोसॉफ्टचा एव्हीआय १९९२ मधला. आज सगळीकडे दिसणारा एमपी४ हा क्विकटाइमच्याच रचनेवरून घेतलेला आहे, म्हणून एमओव्ही आणि एमपी४ आतून इतके सारखे असतात. एमकेव्ही म्हणजे मात्रोश्का, २००२ मध्ये सुरू झालेला खुला डबा. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याचं नाव पडलं.

यावरून एक गोष्ट कळते. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी४ लिहिलं म्हणजे फाइल बदलत नाही, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते. आणि एमपी४ फाइल टीव्हीवर चालली नाही म्हणून टीव्हीला एमपी४ चालत नाही असंही होत नाही. डबा उघडला असेल, आतला पदार्थ पचला नसेल.

भाषा किती आणि कुणाला कुठली येते

सन २००० च्या आसपास आपल्याकडे लग्नाच्या, बारशाच्या, गावच्या जत्रेच्या सीडी निघायच्या. त्या व्हीसीडी. त्यांची भाषा एमपेग-१. डीव्हीडीची भाषा एमपेग-२. मग २००३ मध्ये एच.२६४ आली आणि तिने जग जिंकलं. मोबाइल, टीव्ही, संगणक, ब्राउझर, जवळजवळ सगळ्यांना ती येते. २०१३ मध्ये तिची धाकटी बहीण आली, एच.२६५. तिलाच एचईव्हीसी म्हणतात. तेवढ्याच दर्जाचं चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. त्याच वर्षी गूगलने व्हीपी९ आणली, आणि २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एव्ही१ आणली.

जागा वाचते ती फुकट वाचत नाही. भाषा जितकी नवी, तितकं उलगडायला गणित जास्त. म्हणून टीव्हीत आणि मोबाइलमध्ये या कामासाठी चिपमध्ये खास भाग असतो. त्याला कारखान्यातून निघताना ज्या भाषा शिकवल्या, त्याच त्याला येतात. २०१२ चा टीव्ही घरात असेल आणि त्याला एचईव्हीसी येत नसेल, तर टीव्हीचा काय दोष? तो बाहेर पडला तेव्हा त्या भाषेचं प्रमाणपुस्तकच तयार झालं नव्हतं.

पण नव्या, ताकदवान संगणकावरही व्हिडिओ अडतो. तिथे कारण बहुधा तांत्रिक नसतं, परवान्याचं असतं. एच.२६४ आणि एचईव्हीसी या भाषांतल्या अनेक युक्त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांची पेटंटं आहेत. ती वापरून यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकायचं तर शुल्क द्यावं लागतं. एचईव्हीसीच्या बाबतीत हे शुल्क मागणारे गटच एकाहून जास्त झाले, त्यामुळे गुंता वाढला.

याचे परिणाम आपल्या टेबलापर्यंत येतात. ॲपलने २०१७ पासून आयफोनमध्ये एचईव्हीसी आणली. पुष्कळ विंडोज संगणकांवर तीच फाइल उघडायला मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागतं, आणि त्याला थोडे का होईना पैसे पडतात. लिनक्समध्ये फेडोरा पेटंटाखालचे कोडेक सोबत देत नाही, ते वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. उबुंटू बसवताना 'जादा मीडिया फॉरमॅट हवेत का' असा एक चौकोन समोर येतो. घाईत त्यावर खूण करायची राहिली, तर नंतर माणूस म्हणतो, लिनक्सवर व्हिडिओ चालत नाहीत. चालतात, फक्त परवानगीची ती पायरी राहिलेली असते.

या गुंत्यातून बाहेर पडायचे प्रयत्नही झाले. सिस्को कंपनीने २०१३ मध्ये आपला एच.२६४ कोडेक खुला केला आणि त्यापोटीचं परवाना शुल्क स्वतः भरायचं जाहीर केलं. फायरफॉक्स ब्राउझर त्याचा उपयोग करतो. एव्ही१ तर शुल्काशिवाय वापरता यावी याच हेतूने बनवलेली आहे. पेटंटंही कायमची नसतात. एमपेग-२ वरचं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट २०१८ मध्ये संपलं.

व्हीएलसीला सगळं कसं येतं?

नारिंगी शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी प्लेअर तुमच्यापैकी अनेकांनी वापरला असेल. पॅरिसमधल्या एकोल सेंत्राल या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये तो प्रकल्प म्हणून सुरू केला. कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाहता यावा, एवढाच तेव्हाचा हेतू होता. २००१ मध्ये तो खुल्या परवान्याखाली सगळ्या जगाला मिळाला.

त्याची मख्खी साधी आहे. विंडोजमधले किंवा मॅकमधले प्लेअर फाइल आली की ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतात, 'ही भाषा तुला येते का?' व्हीएलसी कुणाला विचारत बसत नाही, तो आपले दुभाषे बरोबर घेऊन फिरतो. त्यातले बरेच दुभाषे एफएफएमपेग या खुल्या प्रकल्पातले. तो फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये सुरू केला.

म्हणून पहिली तपासणी हीच करा. फाइल व्हीएलसीत चालली, तर ती शाबूत आहे. अडचण बघणाऱ्या यंत्राची आहे. अशी फाइल पुसायचं काहीही कारण नाही.

लक्षणांवरून निदान

आवाज येतो, चित्र नाही: चित्राची भाषा त्या यंत्राला येत नाही. बहुधा एचईव्हीसी असते.

चित्र दिसतं, आवाज नाही: आवाजाचीही भाषा असते. सिनेमांच्या फाइलींत अनेकदा डीटीएस किंवा एसी-३ असते, आणि बरेच टीव्ही डीटीएस वाचत नाहीत. इथे चित्राला हात लावायची गरजच नाही.

चित्र अडखळत चालतं: भाषा येते, पण चिपची मदत मिळत नाही, सगळं गणित मुख्य प्रोसेसर करतोय. जुन्या लॅपटॉपवर ४के व्हिडिओ लावला की हमखास असं होतं. कधी पेनड्राइव्हच सावकाश असतो.

रंग धुवून काढल्यासारखे फिके दिसतात: फाइल बहुधा एचडीआर आहे आणि पडदा साधा.

मोबाइलवर उभा असलेला व्हिडिओ दुसरीकडे आडवा पडतो: मोबाइल चित्र फिरवत नाही, 'दाखवताना फिरवा' अशी टीप डब्यात ठेवतो. समोरच्या प्लेअरने ती वाचली नाही.

फाइल पेनड्राइव्हवर जातच नाही: हा व्हिडिओचा प्रश्नच नाही. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट केला की बसते, पण जुना टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते आधी बघा. एनटीएफएस ड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, पण वेगळी सोय केल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही.

आणि शेवटचं लक्षण: फाइल कुठेच उघडत नाही, व्हीएलसीतही नाही. हे मात्र गंभीर. एमपी४ची अनुक्रमणिका सहसा चित्रण संपल्यावर लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली की चित्र-आवाज सगळं आत असतं, पण अनुक्रमणिका नसते. पुस्तकाची पानं सुटी होऊन त्यांचे आकडे पुसले गेल्यासारखं. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधणारी साधनं आहेत, आणि पुष्कळदा ती यशस्वी होतात. म्हणून अशी फाइलही लगेच पुसू नका. संगणकावर लांब रेकॉर्डिंग करताना ओबीएससारख्या प्रोग्रॅममध्ये एमकेव्ही निवडावं, असं म्हणतात ते यासाठीच. ते मध्ये तुटलं तरी तिथपर्यंतचं हाती राहतं, आणि नंतर एमपी४ डब्यात घालता येतं.

डबा बदला, पदार्थ पुन्हा शिजवू नका

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कन्व्हर्ट करणं या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामं येतात.

पहिलं काम, डबा बदलणं. आतले प्रवाह जसेच्या तसे उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायचे. याला रीमक्स म्हणतात. दोन तासांची फाइलही थोडक्या वेळात होते आणि दर्जा कणभरही कमी होत नाही. टीव्हीला एच.२६४ येते पण एमकेव्ही डबा उघडत नाही, तर एवढं पुरतं. आवाजच अडत असेल, तर चित्र तसंच ठेवून फक्त आवाज बदलता येतो.

दुसरं काम, पुन्हा शिजवणं. सगळी चित्रं उलगडायची आणि दुसऱ्या भाषेत नव्याने आवळायची. याला वेळ लागतो, आणि मघाशी म्हटलं ते गाळणं इथे पुन्हा होतं. एकदा केलं तर डोळ्याला कळणारही नाही. पण मोबाइलमधून एका ॲपवर, तिथून दुसऱ्याच्या फोनवर, तिथून कन्व्हर्टरमध्ये, असं चार वेळा झालं की आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाऊन मेणाचा चेहरा उरतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं.

म्हणून आधी आत काय आहे ते बघा. व्हीएलसीत टूल्स मेन्यूमध्ये कोडेक इन्फर्मेशन आहे, तिथे चित्राची आणि आवाजाची भाषा लिहिलेली असते. मीडियाइन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम तेच जास्त तपशिलात सांगतो. डबा बदलायचा असेल तर लॉसलेसकट किंवा एव्हीडीमक्स वापरा. एव्हीडीमक्समध्ये चित्र आणि आवाज दोन्हींसमोर 'कॉपी' ठेवायचं. पुन्हा शिजवणं भागच असेल तर हँडब्रेक हा चांगला, मोफत प्रोग्रॅम आहे.

सगळीकडे चालावी अशी प्रत काढायची तर कृती अशी: डबा एमपी४, चित्राची भाषा एच.२६४, ८ बिट, रंग ४:२:० पद्धतीचे. आवाज एएसी, दोन चॅनल. आकार १०८० किंवा त्याखाली. चित्रांचा वेग मुळात होता तोच. हँडब्रेकमध्ये दर्जाचा आकडा २० ते २२ ठेवा. तिथे आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. 'वेब ऑप्टिमाइज्ड' वर खूण केली की अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते आणि इंटरनेटवर व्हिडिओ लवकर सुरू होतो. आणि मूळ फाइल जपून ठेवा. ही प्रत वाटण्यासाठी, मूळ ठेवण्यासाठी.

मराठी उपशीर्षकांचं काय?

ही अडचण आपल्या लिपीची आहे, म्हणून तिच्यासाठी थोडा वेळ देऊ. एसआरटी फाइल ही साधी अक्षरांची फाइल असते. तिच्यात दोन ठिकाणी घोळ होतो. एक, मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणायचा आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवायची. दोन, मजकूर बरोबर आहे, पण टीव्हीला देवनागरी जुळवता येत नाही. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली, किंवा नुसते चौकोन. तिथे आपल्या हाती एकच उपाय उरतो, उपशीर्षकं चित्रातच कोरायची. त्यासाठी व्हिडिओ पुन्हा शिजवावा लागतो, म्हणून ती प्रत वेगळी काढा, मूळावर कोरू नका.

काही प्रश्न

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांतले दोन इथे देतो.

पहिला प्रश्न होता: घरात जुन्या व्हीसीडी आहेत, त्यांचं काय करावं?

ड्राइव्ह मिळेल तिथून आजच उतरवून घ्या. सीडी खराब होतात, आणि नव्या लॅपटॉपना सीडीचा ड्राइव्हच नसतो. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या डीएटी फाइली म्हणजे तुमचा व्हिडिओ. व्हीएलसी त्या तशाच उघडतो. नाव बदलून शेवटी एमपीजी लिहिलं तरी बरेच प्लेअर उघडतात, कारण आत मुळात एमपेग-१ च आहे. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. कुणी ते 'एचडी करून देतो' म्हणालं, तरी आत नसलेला तपशील कुणी आणू शकत नाही. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ_टीएस हा पूर्ण फोल्डर उतरवा.

दुसरा प्रश्न: आयफोनवर काढतानाच अडचण टाळता येईल का?

येईल. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की नेहमीचं चित्रण एच.२६४ मध्ये होतं. जागा जास्त लागेल. ४के आणि ६० चित्रांसारख्या मोठ्या सेटिंगना मात्र एचईव्हीसीच लागते.

थोडक्यात सांगायचं तर, फाइल अडली की आधी व्हीएलसीत लावून बघा. मग आत कुठली भाषा आहे ते वाचा. डबा बदलून भागत असेल तर तेवढंच करा. पुन्हा शिजवावं लागलं तर थेट मुळावरून, एकदाच. आज न चालणारी फाइल उद्याच्या यंत्रावर चालू शकेल, पण गाळून गेलेलं चित्र कुठल्याच यंत्रावर परत दिसणार नाही. म्हणून मूळ फाइल पुसू नका.